‘असाच दुसरा लाव’ : आवडत्या जुन्या प्रेमविनोदी चित्रपटाचे सोयरे कसे शोधावेत

माझ्या आईने ‘छोटी सी बात’ हा हिंदी चित्रपट किती वेळा पाहिला आहे, याची मोजदाद घरात कोणीही ठेवलेली नाही. नागपुरातील मे महिन्याच्या दुपारी, जेवणानंतरची आवराआवर संपवून आणि कूलरमध्ये पाणी भरून झाले की ती हा चित्रपट लावायला सांगते, आणि तो संपला की तिचे ठरलेले वाक्य येते : ‘‘असाच दुसरा लाव.’’ पहिल्या वेळी मी त्यातील नायक अमोल पालेकर यांचे नाव शोधून जो चित्रपट समोर आला तो लावला. तो ‘भूमिका’ (१९७७) निघाला. श्याम बेनेगल यांचा हा चित्रपट हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेला आहे. तो थोर आहे यात शंका नाही, पण पालेकर त्यात नायिकेच्या कमाईवर जगणाऱ्या नवऱ्याच्या भूमिकेत आहेत. ‘छोटी सी बात’मध्ये बसथांब्यावर लाजणाऱ्या त्यांच्या अरुणचे ते रूप पाहून आईने अर्ध्या तासात टीव्ही बंद करायला लावला आणि संध्याकाळच्या चहापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

त्यानंतरच्या काही उन्हाळ्यांत चुकतमाकत माझ्या हाती एक रीत लागली. तिचे सार असे की चित्रपटांचे नाते चेहऱ्यावरून जुळवू नये, कुळावरून जुळवावे. सोयरीक जमवताना आपल्याकडची वडीलधारी माणसे मुलाचा फोटो नंतर पाहत असत. गाव कोणते, घराणे कोणते आणि मामाचे कूळ कोणते, हे आधी विचारत असत. आपल्या आवडत्या चित्रपटाबाबतही तीच चौकशी करायची आहे. पुढील पायऱ्यांत मी उदाहरणासाठी ‘छोटी सी बात’ धरला आहे. आपण त्या जागी आपला लाडका चित्रपट ठेवावा.

काय काय लागेल

खर्चाचे असे यात फार काही नाही. एक दोनशे पानी वही घ्यावी. फोनवर नोंदी ठेवल्या तर त्या सापडत नाहीत, हा माझा तरी अनुभव आहे. घड्याळ लागेल, ते कशासाठी हे सहाव्या पायरीत कळेल. कानात घालायची इअरफोनची जोडी किंवा एखादा बरा स्पीकर असावा. वाचनालयाचे सभासदत्व घ्यायचे असेल तर साधारणपणे पासपोर्ट आकाराची दोन छायाचित्रे, आधार कार्डाची छायाप्रत आणि अनामत रक्कम जवळ ठेवावी. अनामत परत मिळते, म्हणून तिची पावती वहीच्या मागच्या पानाला टाचून ठेवावी. याशिवाय जुने चित्रपट टॉकीजमध्ये पाहिलेले एखादे ज्येष्ठ नातेवाईक किंवा शेजारी गाठीशी असतील, तर अर्धे काम झालेच म्हणून समजावे.

१. आवडता चित्रपट पुन्हा पाहा आणि चार प्रश्नांची उत्तरे लिहा

आपल्याला तो चित्रपट पाठ आहे, अशी आपली समजूत असते. पण आठवणीत राहते ती गाणी आणि एखाददुसरा प्रसंग. म्हणून शोध सुरू करण्यापूर्वी तो एकदा वही घेऊन पाहावा आणि पुढील प्रश्नांची उत्तरे लिहावीत. दोघांना एकत्र येण्यापासून कोण किंवा काय अडवते? हसू कशातून येते, शब्दांतून, फजितीतून की वेषांतरातून? गोष्ट कुठे घडते, घरात, कचेरीत, रस्त्यावर की थंड हवेच्या ठिकाणी? आणि गाणी पात्रे तोंडाने गातात, की ती मागे वाजत राहतात?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण चित्रपटाची जात त्यातून चटकन कळते. ‘छोटी सी बात’मधील सलील चौधरी यांची योगेश यांनी लिहिलेली गाणी बहुतांशी पार्श्वभूमीला वाजतात, नायक-नायिका झाडामागे धावत नाहीत. त्याच संगीतकार-गीतकार जोडीच्या ‘रजनीगंधा’तही (१९७४) असेच आहे. ज्यांना हा संयम आवडतो त्यांना शम्मी कपूर यांचा ‘प्रोफेसर’ (१९६२) लावून दिला तर तो कितीही मजेदार असला तरी त्यांचे समाधान होणार नाही, आणि याच्या उलटही तितकेच खरे आहे.

आमच्या उत्तरांतून असे निघाले : अडवणारी गोष्ट नायकाचा स्वतःचाच भिडस्तपणा, जोडीला एक चलाख प्रतिस्पर्धी, हसू साध्या प्रसंगांतून, जागा बसथांबा, कचेरी आणि उपाहारगृह, गाणी मागे. हे पाचच मुद्दे पुढे सगळीकडे उपयोगी पडले.

२. गाठ ओळखा

नागपूरच्या महाल भागात पूर्वी व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी चालवणारे एक काका आमच्या ओळखीचे आहेत. त्यांच्याकडे जाऊन ‘‘काका, तो तमका पिक्चर द्या’’ असे म्हटले आणि नाव आठवले नाही, तर ते म्हणत, ‘‘नाव राहू दे वं, गोष्ट काय हाय ते सांग.’’ गोष्ट सांगितली की ते फळीवरून तीन कॅसेट काढून समोर ठेवत आणि त्यांतील दोन तरी घरी पसंत पडत. हल्लीचे ॲप आपल्याला ‘विनोदी’ आणि ‘प्रेमकथा’ अशा दोन मोठ्या पोत्यांतून माल काढून देतात, कारण गोष्ट विचारण्याची सोय त्यात नसते. ती विचारपूस आपणच करायची आहे.

प्रेमविनोदी चित्रपट वरकरणी शेकडो दिसले, तरी दोघांमध्ये पडलेली गाठ फार थोड्या प्रकारांची असते. माझ्या वहीत मी सहा प्रकार मांडले आहेत.

पहिली गाठ भिडस्त नायकाची. त्याला प्रेम आहे पण वाचा नाही, म्हणून कोणीतरी त्याला शिकवणी देतो. ‘छोटी सी बात’मध्ये ती शिकवणी खंडाळ्याचे कर्नल देतात, म्हणजे अशोक कुमार. ‘पडोसन’मध्ये (१९६८) हेच काम किशोर कुमार यांचा विद्यापती करतो, तिथे नायकाला बोलता नव्हे तर गाता येत नाही, एवढाच फरक. सई परांजपे यांचा ‘कथा’ (१९८३) हाही याच कुळातला, फक्त त्यात चलाख प्रतिस्पर्ध्याकडे अधिक बारकाईने पाहिले आहे, एस. जी. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ या मराठी नाटकावर तो आधारलेला असल्याने चाळीतील माणसे आपल्याला ओळखीची वाटतात. सई परांजपे यांच्याच ‘चष्मे बद्दूर’मध्ये (१९८१) नायकाचे दोन मित्र मदत करण्याऐवजी माती कालवतात. आईला हे तीनही पसंत पडले. ‘कथा’बद्दल मात्र तिचे म्हणणे असे की ‘‘त्या सशाला जास्तच मोकळं सोडलंय’’, आणि मला तिचे पटते.

दुसरी गाठ खोट्या ओळखीची. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मोटारचालक होऊन बायकोच्या बहिणीच्या घरी शिरतात तो ‘चुपके चुपके’ (१९७५), सुनेने सासऱ्यांसमोर वेगळेच सोंग वठवायचे तो ‘किसी से ना कहना’ (१९८३), बायकांचे कपडे घालून पळणारे दोन वादक दाखवणारा बिली वायल्डर यांचा ‘सम लाइक इट हॉट’ (१९५९), आणि आपल्या सर्वांना तोंडपाठ असलेला ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हे सारे इथले.

तिसरी गाठ प्रवासाची : श्रीमंत घरातून पळालेली मुलगी आणि वाटेत भेटलेला वार्ताहर. चौथी पत्रांची, म्हणजे समोरासमोर भांडणारी दोन माणसे नकळत एकमेकांना पत्रे लिहीत असतात. अर्न्स्ट लुबिच यांचा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ (१९४०) हा तिचा मूळपुरुष. पाचवी गाठ सोयीच्या लग्नाची. वारशासाठी केलेले कागदोपत्री लग्न हळूहळू खरे होत जाणारा गुरुदत्त यांचा ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ (१९५५) तिचा उत्तम नमुना आहे. सहावी गाठ खास आपल्याकडची, ती म्हणजे जागेची अडचण. लग्न झाले आहे, प्रेमही आहे, पण दार लावायला खोली नाही. या गाठीकडे पुढच्या पायरीत पुन्हा यायचे आहे.

आपला चित्रपट यांपैकी कोणत्या गाठीचा, हे ठरवावे. दोन गाठी एकत्र असतील तर दोन्ही लिहाव्यात. एकही लागू पडत नसेल तर माझी यादी बाजूला ठेवून आपली नवी गाठ मांडावी. वही आपली आहे.

३. कूळ शोधा : मूळ कुठले आणि पुढे कुठे गेले

सर्वांत जास्त माल या पायरीवर सापडतो, म्हणून इथे घाई करू नये. त्या काळातील चित्रपट फार क्वचित एकटे जन्मत असत. बंगालीवरून हिंदी, मराठीवरून हिंदी, तमिळवरून हिंदी आणि हिंदीवरून पुन्हा मराठी अशी त्यांची देवाणघेवाण सतत चालू होती. एका चित्रपटाचे मूळ सापडले की मागची पिढी हाती लागते आणि त्याची नवी आवृत्ती सापडली की पुढची.

‘छोटी सी बात’चे मूळ ब्रिटिश आहे. रॉबर्ट हेमर यांच्या ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ (१९६०) या चित्रपटात भिडस्त नायकाला कुरघोडी शिकवणारी एक शाळाच आहे, आणि तो चित्रपट स्टीफन पॉटर यांच्या विनोदी पुस्तकांवरून घेतलेला आहे. मूळ पाहिल्यावर लक्षात येते की दिग्दर्शक बासू चटर्जी यांनी सांगाडा तेवढा घेतला, रक्तमांस मुंबईच्या बसथांब्यावरून आणले. सोयरे शोधण्याच्या उद्योगातला हा फुकटचा लाभ आहे : तुलनेतून आपल्याला आवडता चित्रपटही नव्याने कळतो.

प्रवासाच्या गाठीची वंशावळ तर पाहण्यासारखी आहे. फ्रँक काप्रा यांच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ला (१९३४) उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा अशी पाचही मोठी ऑस्कर पारितोषिके मिळाली. त्यावरून राज कपूर आणि नर्गिस यांचा ‘चोरी चोरी’ (१९५६) आला आणि पुढे ‘दिल है कि मानता नहीं’ (१९९१) आला. देव आनंद आणि वहिदा रहमान यांच्या ‘सोलवाँ साल’वरही (१९५८) याच घाटाची छाया आहे. एका धाग्याला ओढले आणि चार चित्रपट मिळाले. ‘रोमन हॉलिडे’ही (१९५३) लोक याच रांगेत बसवतात, परंतु त्याच्या शेवटी दोघे वेगळे होतात. शेवट फोडल्याबद्दल क्षमस्व. पण ज्यांना गोड शेवटच हवा आहे, त्यांना हे आधी सांगणे मला आवश्यक वाटते.

आता मराठीचा धागा. राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ (१९७०) जागेच्या अडचणीवर आहे. त्यातील ‘प्रथम तुज पाहता’ आणि ‘का रे दुरावा’ ही गाणी आकाशवाणीवर इतकी वाजली आहेत की चित्रपट न पाहिलेल्यांनाही तो पाहिल्यासारखा वाटतो. याच गोष्टीवरून बासू चटर्जी यांनी हिंदीत ‘पिया का घर’ (१९७२) केला. म्हणजे ‘छोटी सी बात’च्या दिग्दर्शकाचे एक पाऊल मराठी घरात आधीच पडले होते. जागेच्याच अडचणीवरील हृषीकेश मुखर्जी यांचा ‘बीवी और मकान’ (१९६६) पुढे मराठीत ‘अशी ही बनवाबनवी’ होऊन आला, तर ‘काधलिक्क नेरमिल्लै’ (१९६४) हा तमिळ चित्रपट हिंदीत ‘प्यार किये जा’ (१९६६) आणि मराठीत ‘धूमधडाका’ (१९८५) झाला. ‘चुपके चुपके’ आणि ‘पडोसन’ या दोघांचेही मूळ बंगालीत आहे. अनुक्रमे ‘छद्मबेशी’ (१९७१) आणि ‘पाशेर बारी’ (१९५२).

मराठीत याहूनही मागे जाता येते. आचार्य अत्रे यांनी लिहिलेला आणि मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेला ‘ब्रह्मचारी’ (१९३८) लग्न न करण्याची शपथ घेतलेल्या तरुणाची फजिती दाखवतो, आणि राजा परांजपे-ग. दि. माडगूळकर-सुधीर फडके या त्रयीच्या ‘लाखाची गोष्ट’मध्ये (१९५२) होणारा सासरा जावयापुढे लाख रुपये खर्च करून दाखवण्याची अट ठेवतो. मराठीत अशा धाटणीचे जुने काही नाही, असे म्हणणाऱ्यांना हे दोन पुरेसे आहेत.

मूळ शोधण्यासाठी श्रेयनामावली थांबवून वाचावी. ‘कथा’ या शब्दापुढे कोणाचे नाव आहे? ‘रजनीगंधा’पुढे मन्नू भंडारी यांच्या ‘यही सच है’ या कथेचे मूळ सापडते. अशी साहित्यिक मुळे असतील तर कथा वाचनालयातून आणून वाचता येते, आणि चित्रपट मिळेपर्यंतची दुपार बरी जाते. इथला सापळा असा की मूळ कृतीचे ऋण त्या काळी नामावलीत नेहमीच मानले जात नसे. त्यामुळे नामावलीत काही आढळले नाही, म्हणून चित्रपट स्वतंत्र आहे असे गृहीत धरू नये. गोष्ट दोन ओळींत लिहून ती घरातील ज्येष्ठांना ऐकवावी.

४. नट सोडा, करती माणसे धरा

‘भूमिका’ची चूक आपण करू नये, यासाठी ही पायरी आहे. नट भूमिकेनुसार बदलतो. दिग्दर्शकाची आणि लेखकाची नजर सहसा तीच राहते. पालेकर यांच्या नावाने शोधले तर ‘घरौंदा’ही (१९७७) समोर येतो, आणि मुंबईत घर शोधणारे जोडपे म्हटल्यावर तो हलकाफुलका असेल असे वाटते, प्रत्यक्षात तो मनाला चांगलाच चटका लावतो.

बासू चटर्जी हे आधी ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात व्यंगचित्रकार होते, आणि त्यांचे चित्रपट पाहताना ते जाणवते : एका चौकटीत एक माणूस, त्याची एक लकब आणि बस. त्यांचे ‘रजनीगंधा’, ‘चितचोर’ (१९७६), ‘खट्टा मीठा’ (१९७८) आणि ‘बातों बातों में’ (१९७९) हे चार चित्रपट ‘छोटी सी बात’नंतर डोळे झाकून लावावेत. त्यांतील ‘खट्टा मीठा’ विशेष, कारण त्यात मुले मोठी झालेले विधुर आणि विधवा पुन्हा लग्न करतात आणि ते सगळे पारशी घरांत घडते. ‘रजनीगंधा’, ‘छोटी सी बात’ आणि ‘चितचोर’ यांचे छायालेखक के. के. महाजन; खरा रस्ता आणि खरी खोली दाखवण्याची त्यांची पद्धत ज्यांना भावली असेल, त्यांनी हा धागाही वहीत लिहून ठेवावा. मात्र दिग्दर्शकाचे नावही आंधळेपणाने वापरू नये. ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६) बासू चटर्जी यांचाच आहे आणि त्यात एका खोलीत बसलेले बारा पुरुष खुनाच्या खटल्यावर वाद घालतात.

हृषीकेश मुखर्जी यांची तऱ्हा वेगळी आहे. त्यांच्या ‘चुपके चुपके’, ‘गोलमाल’ (१९७९), ‘खूबसूरत’ (१९८०) आणि ‘रंगबिरंगी’ (१९८३) या चित्रपटांत सारे घर कटात सामील असते आणि बहुधा कोणातरी ताठ वडीलधाऱ्याची जिरवायची असते. अडचण नायकाच्या मनात आहे की घरातील मोठ्या माणसाच्या डोक्यात, एवढे पाहिले तरी आपला ओढा बासूदांकडे आहे की हृषीदांकडे, हे कळते. आईचा ओढा बासूदांकडे, तर वडिलांचा हृषीदांकडे. त्यामुळे आमच्याकडे रविवारची दुपार वाटून घ्यावी लागते.

५. नावापुढे साल लिहा

ही पायरी लहान आहे, पण ती गाळल्यास फसगत अटळ आहे. ‘चष्मे बद्दूर’ १९८१ चा आहे आणि २०१३ चाही. ‘खट्टा मीठा’ १९७८ आणि २०१० असे दोन आहेत. ‘दिल्लगी’ १९४९, १९७८ आणि १९९९ असे निदान तीन आहेत आणि त्यांतील फक्त मधला बासू चटर्जी यांचा आहे. ‘सबरीना’ १९५४ आणि १९९५ असे दोनदा आला. शोधताना नाव आणि साल दोन्ही लिहावे, आणि शक्य असल्यास दिग्दर्शकाचे आडनावही जोडावे. हिंदी चित्रपटांची साले आणि श्रेये पडताळायची असतील तर हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी दशकवार संपादित केलेला ‘हिंदी फिल्म गीत कोश’ हे भरवशाचे साधन आहे. एखाद्या जाणकाराकडे तो असेल तर तासभर उघडून बसावे.

६. प्रत पुरी आहे का ते तपासा

मी एकदा एका विक्रेत्याकडून जुन्या चित्रपटाची तबकडी आणली. चित्रपट छान चालला होता, पण मध्येच नायिका रुसलेली दिसली आणि ती का रुसली हे शेवटपर्यंत कळले नाही. रुसण्याचा प्रसंगच कापलेला होता. विनोदी चित्रपटात असा एखादा प्रसंग गेला की पुढचे तीन विनोद लुळे पडतात, म्हणून ही तपासणी आवश्यक आहे.

चित्रपटाच्या आरंभी सेन्सॉरचे प्रमाणपत्र दिसते. आपण ते नेहमी पुढे सरकवतो, इथे थांबावे. त्यावर चित्रपटाची लांबी मीटरमध्ये आणि रिळांची संख्या दिलेली असते. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने चालते, म्हणजे मिनिटाला सुमारे २७.४ मीटर. प्रमाणपत्रावर ३८०० मीटर लिहिलेले असेल तर ३८०० भागिले २७.४, म्हणजे सुमारे १३९ मिनिटे असे गणित येते. आता आपल्या प्रतीची वेळ पाहावी. ती १२० मिनिटे असेल तर कात्री चालली आहे हे निश्चित. ती १३३ मिनिटांच्या आसपास असेल तर मात्र घाबरू नये. आपल्याकडील टीव्ही आणि जुन्या तबकड्यांच्या पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी दाखवत असत. त्यामुळे काही न कापताही चित्रपट चार टक्के लवकर संपतो. अशा प्रतीत गाण्यांचा स्वरही किंचित चढा लागतो, आणि चांगला कान असलेल्या माणसाला तो खटकतो.

दुसरी तपासणी चौकटीची. १९५० च्या दशकातील बहुतेक चित्रपट जवळजवळ चौकोनी आकारात चित्रित झालेले आहेत. त्यामुळे तो आपल्या रुंद टीव्हीवर दिसताना दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या असल्या पाहिजेत. पट्ट्या नसतील तर दोनच शक्यता राहतात : एकतर वरून-खालून चित्र कापले आहे आणि माणसांची डोकी अर्धी झाली आहेत, किंवा चित्र आडवे ताणले आहे. ताणले आहे की नाही हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे जेवणाच्या प्रसंगातील ताट. ते गोल दिसते की लंबगोल, एवढे पाहावे. कधीकधी दोष प्रतीत नसून टीव्हीच्या सेटिंगमध्ये असतो, म्हणून आधी रिमोटवरील चित्राच्या आकाराचे बटण दाबून पाहावे.

७. चित्रपट मिळवा

पूर्वी नागपुरात बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, टॉकीजमध्ये मॅटिनीला जुने चित्रपट लागत असत. व्हरायटी चौकाला ज्या टॉकीजचे नाव पडले तिच्या आठवणी सांगणारी माणसे आजही भेटतात. आता घरीच पाहावे लागते. प्रथम त्या निर्मितीसंस्थेची किंवा हक्कधारक कंपनीची अधिकृत यूट्यूब वाहिनी शोधावी. ‘चितचोर’ राजश्रीची निर्मिती आहे, तर तो राजश्रीकडेच शोधावा, हा साधा हिशेब. अधिकृत प्रत बहुधा लांबीला पुरी असते आणि तिच्या मध्यभागी कोणाचा फोन नंबर तरंगत नाही. त्यानंतर ओटीटी सेवा पाहाव्यात, पण एका चित्रपटासाठी वर्षभराची वर्गणी भरू नये. हक्क बदलले की चित्रपट तिथून अचानक नाहीसे होतात. एका महिन्याची वर्गणी भरून वहीतील पाच-सहा चित्रपट एकदम पाहून घ्यावेत.

कायद्याचीही माहिती असावी. आपल्याकडे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. या हिशेबाने ‘चलती का नाम गाडी’चा (१९५८) हक्क २०१८ च्या अखेरीस संपला, तर ‘छोटी सी बात’ (१९७६) अजून बराच काळ हक्काखाली राहील. टेलिग्रामवर फिरणाऱ्या प्रतींच्या वाटेला जाऊ नये. कायद्याचे सोडा, पण सर्वांत जास्त कापलेल्या प्रती मला तिथेच दिसल्या आहेत.

मूळ कथा, नाटके आणि चित्रपटविषयक पुस्तके यांसाठी झाशी राणी चौकातील विदर्भ साहित्य संघाचे ग्रंथालय आणि बर्डीवरील जुन्या पुस्तकांची दुकाने ही दोन ठिकाणे एकाच फेरीत होतात. मेट्रोने झाशी राणी चौक स्थानकावर उतरले की उन्हात फार चालावे लागत नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय अभ्यासकांसाठी मोलाचे आहे, पण केवळ दुपारच्या करमणुकीसाठी रात्रभर रेल्वेने जाण्याचा आग्रह मी कोणाला धरणार नाही.

८. कूलर बंद करा

हा सल्ला केवळ नागपूरकरांसाठी आहे आणि तो विनोदाने दिलेला नाही. या चित्रपटांचा सगळा जीव संवादांत असतो, आणि आमच्या खिडकीतील लोखंडी कूलर सुरू असताना कुजबुजलेले एकही वाक्य ऐकू येत नाही. आवाज वाढवला तर गाणी कानठळ्या बसवतात. मे महिन्यात कूलर बंद करणे शक्य नाही, हे मलाही मान्य आहे. म्हणून ओळखीचे, पुन्हा पाहायचे चित्रपट उन्हाळ्यात लावावेत आणि नवे, प्रथमच पाहायचे चित्रपट डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवावेत. तेवढा धीर नसेल तर इअरफोन आहेतच.

एका आठवड्यात एकाच गाठीचे दोनपेक्षा अधिक चित्रपट पाहू नयेत. तिसऱ्यापासून सगळे सारखे वाटू लागतात आणि दोष बिचाऱ्या तिसऱ्याला लागतो. पाहून झाल्यावर वहीत तारीख, प्रतीची लांबी आणि घरातील प्रत्येकाचे एक वाक्य लिहावे. आमच्या वहीत ‘पडोसन’पुढे वडिलांचे वाक्य आहे, ‘‘किशोर आहे तोपर्यंत ठीक’’, आणि त्याखाली आईने स्वतः लिहिले आहे, ‘‘किशोर शेवटपर्यंत आहे.’’

परभाषेतील चित्रपटांसाठी एक अडचण उरते. ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ आईला मनापासून पाहायचा आहे, पण इंग्रजी सबटायटल तिला झरझर वाचता येत नाहीत. त्यासाठी मी आधी एकटीने चित्रपट पाहून दर दहा मिनिटांच्या गोष्टीचा मराठी सारांश वहीत लिहून ठेवते, आणि दोघी पाहायला बसलो की तेवढ्या अंतराने रिमोटने थांबवून तो वाचून दाखवते. दीड तासाचा चित्रपट अडीच तास चालतो, मध्ये एक चहा होतो, आणि दुकानातील ती दोघे पुढे काय करणार याचे अंदाज आई तोपर्यंत मला ऐकवत असते.